टीव्हीमागची भिंत

आवाज झाला तेव्हा अल्मा टोर्गेसनचं बोट अजून बटणावरच होतं. आधी कड्कन काहीतरी फुटलं, मग भिंतीतून लाकूड उचकटल्यासारखं करकरलं. चटका बसावा तसं तिनं बोट मागे घेतलं. स्लाइड अर्ध्यावर थांबली. स्लाइड म्हणजे तिच्या घरगाडीचा सोफ्यासकट सरकणारा कप्पा. मुक्कामाला पोचलं की बाहेर काढायचा, निघताना आत घ्यायचा. सोफ्याची पाठ सरळ टीव्हीत शिरली होती.

"अरे देवा," अल्मा म्हणाली. मग पुन्हा, हळू आवाजात, "अरे देवा."

टीव्ही भिंतीवरच्या एका लोखंडी हातावर बसवलेला होता. बघायचा असला की तो हात पुढे ओढायचा आणि निघायच्या आधी भिंतीला दुमडून खिट्टी लावायची. खिट्टी न लावता स्लाइड आत घेतली की काय होतं, ते ॲरिझोनाच्या या माळावर हिवाळा काढायला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ असतं. नवीन कुणी आलं की पहिल्याच संध्याकाळी खुर्च्या मांडून, कॉफी पीत, आमची मंडळी त्याला ही गोष्ट हसत हसत सांगतात. अल्मानंही कितीजणांना सांगितली होती.

तिनं उलटं बटण दाबलं. सोफा मागे गेला तशी टीव्हीनं मान टाकली. काचेच्या कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत होता आणि तो हात भिंतीला धरून ठेवणारं ब्रॅकेट वरच्या बाजूनं सुटून आलं होतं. टीव्हीचं तिला काही नव्हतं. टीव्ही काय, दुकानात मिळतो. तिला धास्ती होती ती शनिवारची. परवा शनिवारी कर्टिस येणार होता.

कर्टिस हा तिचा एकुलता मुलगा, कोलोरॅडोत राहायचा. जानेवारीत अल्मा कपडे धुवायला गावात गेली आणि परतीचा रस्ताच तिला सापडेना. पेट्रोल पंपावरच्या कुणा भल्या माणसानं तिच्या फोनमधून कर्टिसला फोन लावला. तेव्हापासून तो रोज फोन करायचा आणि गप्पांच्या नावाखाली तोंडी परीक्षा घ्यायचा. आज वार कोणता, काल काय जेवलीस, गोळ्या घेतल्यास का. शेवटी म्हणाला, "आई, मी येतो. दोन दिवस राहतो, बघतो. सगळं ठीक असलं तर विनी सुट्टीत तुझ्याबरोबर फिरायला येईल, ठरल्याप्रमाणे. नसलं तर गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे दे. आमच्या तळघरातली खोली तुझ्यासाठी रंगवून ठेवलीय."

विनी ही त्याची नऊ वर्षांची मुलगी. आजीच्या गाडीतून, आजीच्या शेजारच्या सीटवर बसून मोठी दरी बघायला जायचं, हे तिनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अल्माला तिची फार ओढ होती. आणि तळघराची फार भीती.

तशी अल्मा मुळातच भित्री बाई. नॉर्थ डकोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म काढला. शंभर पोरांचं जेवण रांधताना तिचा हात कधी थरथरला नाही, पण वीज कडाडली की ती कोठीत जाऊन बसायची. रस्त्यावर बर्फ धरला की घाबरायची, अंधार पडल्यावर फोन वाजला की घाबरायची. नवरा ऑरिन गाडी चालवायचा आणि पूल आला की ही शेजारी डोळे मिटून घ्यायची. "उघड आता, पलीकडे पोचलो," असं ऑरिननं म्हटल्याशिवाय उघडायची नाही. दोघांनी निवृत्तीनंतर घर विकलं, ही घरगाडी घेतली आणि थंडी पडली की दक्षिणेला यायला लागले. मग एका सकाळी ऑरिन कॉफीचा कप हातात असतानाच गेला. कर्टिस गाडी विकायला आला. अल्मा म्हणाली, आठवडाभर थांब. ती रोज जत्रेच्या रिकाम्या मैदानावर जायची, लोण्याचे रिकामे डबे रांगेत मांडायची आणि त्यांच्यामधून ते एवढं मोठं धूड फिरवायची. पहिल्या दिवशी एकही डबा उभा राहिला नाही. त्याच हिवाळ्यात ती एकटी ॲरिझोनाला पोचली, सबंध रस्ता उजव्या कडेनं, मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. भीती गेली नव्हती. पण घाबरत घाबरत का होईना, गाडी चालवणारी अल्मा ही जन्मात पहिल्यांदाच तिची तिला आवडलेली अल्मा होती.

आणि आता हे.

तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, सांगू? तिनं विचारणा केली होती. ऑरिन असताना निघायच्या आधी तो बाहेर उभा राहायचा आणि एकेक नाव घेऊन ओरडायचा. ही आतून उत्तर द्यायची. "गॅस?" "बंद!" "फ्रिज?" "लावला!" "टीव्ही?" "खिट्टी लावली!" मगच स्लाइड आत. तो गेल्यावर दोन्ही आवाज तीच काढायची. हाक त्याच्या जाड आवाजात, उत्तर स्वतःच्या. आजही, सांडपाण्याची टाकी रिकामी करायला गावात जायचं म्हणून, तिनं सगळं विचारलं होतं. "टीव्ही?" असं ऑरिनच्या आवाजात म्हटलं होतं आणि "खिट्टी लावली!" असं स्वतः म्हटलं होतं. तिचा तो आवाज तिच्या कानात अजून होता. फक्त तिनं टीव्हीकडे पाहिलं नव्हतं.

दारावर थाप पडली.

"अगं ए, जिवंत आहेस का? माझ्या कॉफीत माती पडली तुझ्या आवाजानं."

डॉटी पिकेट. शेजारच्या खुरट्या झुडपापलीकडे हिची छोटी घरगाडी असायची. ओक्लाहोमाची बाई, तीस वर्षं मालट्रक चालवलेला, आवाज त्या ट्रकसारखाच. अल्मा पहिल्यांदा एकटी आली त्या हिवाळ्यात दोघींची गाठ पडली. ऑरिनला डॉटीनं कधी पाहिलंही नव्हतं. सिगारेट सोडल्यापासून डॉटीच्या तोंडात चोवीस तास दात कोरायची काडी असायची, पुदिन्याच्या चवीची, टोकाला हिरवा रंग दिलेली. माळावर कुठं हिरव्या टोकाची काडी पडलेली दिसली की डॉटी इथून गेली असं खुशाल समजावं.

ती आत आली. टीव्हीकडे पाहिलं, अल्माकडे पाहिलं, आणि तोंडातली काडी या गालातून त्या गालात सरकवली. कसं झालं, असं विचारलं नाही.

"कर्टिसला कळता कामा नये," अल्मा म्हणाली.

"बरं."

"परवा येतोय तो. त्याच्या आधी नवा लागला पाहिजे. अगदी असाच. हा बघितला ना त्यानं, तर किल्ल्या घेईल, डॉटी. मला त्या तळघरात नेऊन ठेवील. तिथं खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात."

"बरं म्हटलं ना. बूट घाल तू आधी, गावात जाऊन येऊ."

"माप घ्यायला नको?"

"बत्तीस इंची आहे," डॉटी म्हणाली.

"न मोजता कसं कळलं गं तुला?"

डॉटी दाराकडे वळली होती. "ट्रक मागे घेण्यात आयुष्य गेलं माझं," ती पाठमोरीच म्हणाली. "नजर बसलीय."

डॉटीच्या पिकअपमध्ये अल्मा मांडीवर पर्स धरून बसली. रस्ता सरळ होता, ऊन छान पडलं होतं, आणि तिचे तळहात घामानं ओले झाले होते.

"मी 'लावली' असं म्हटलं होतं," ती म्हणाली. "मोठ्यानं. मला आठवतंय."

"होतं असं."

"तुझं झालंय?"

"माझ्याकडे टीव्हीच नाही."

अल्माला हसू आलं, पण अर्ध्यातच विरलं. "न बघता मी 'लावली' म्हणते, मग आणखी काय काय न बघता म्हणत असेन? गॅस बंद म्हणते, तोही…"

"गॅस मी बघितला निघताना," डॉटी म्हणाली.

"तू का बघितलास?"

"सवय," डॉटी म्हणाली आणि रेडिओ लावला.

दुकानातून खोकं आणलं. डॉटी म्हणाली, तू बस, मी करते. अल्मा ऐकेना. कर्टिसनं काही विचारलंच तर आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिनं मुख्य बटण बंद केलं, टीव्हीची वायर काढली, अँटेनाची वायर फिरवून सोडवली. या गाड्यांमधल्या स्क्रूंच्या डोक्याला चौकोनी खाच असते. साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, आणि हे ऐन वेळी लक्षात येऊन माणूस पुन्हा गावात पळतो. डॉटीनं खिशात हात घातला आणि बरोबर त्या मापाचा चौकोनी टोकाचा ड्रायव्हर बाहेर काढला.

"तुझं सगळं कसं तयार असतं गं!" अल्मा म्हणाली.

 डॉटीनं टीव्ही खालून पोटाशी धरला. अल्मानं मागचे स्क्रू काढले. दोघींनी तो जखमी माणसासारखा उचलून पलंगावर, घोंगडीवर पालथा निजवला. आता राहिलं ब्रॅकेट. या गाड्यांची भिंत म्हणजे नावालाच भिंत. बिस्किटाएवढं प्लाय आणि आत फोम. टीव्ही लावायचा तिथं तेवढा आतून हातभर पत्रा बसवलेला असतो. स्क्रू त्या पत्र्यात धरला तरच खरा, बाहेर गेला की गाडीच्या पहिल्या गचक्याला टीव्ही खाली. तो पत्रा कुठून कुठवर आहे ते बघायला अल्मानं फ्रिजवरचं शोभेचं लोहचुंबक काढलं, दरीचं चित्र असलेलं, विनीसाठीच घेऊन ठेवलेलं. सुटत आलेलं ब्रॅकेट तिनं ओढून काढलं आणि चुंबक भिंतीला लावायला हात वर नेला.

हात तिथंच राहिला.

ब्रॅकेटच्या मागे नुसती आजची फाटलेली भोकं नव्हती. त्यांच्या जरा वर आणखी भोकं होती, अगदी त्याच आकृतीत. आणि जरा डावीकडे आणखी. ती जुनी भोकं कुणीतरी नीट बुजवून टाकली होती. पत्रा सबंध चाळणीसारखा झाला होता.

अल्मा बघत राहिली. आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"ऑरिन!" ती म्हणाली. "अगं, बघ ना! ऑरिननं पण आपटला होता! एकदा नाही, दोनदा! आणि मला कळू दिलं नाही, लबाड म्हातारा! मी दुकानात गेले असेन तेव्हा गुपचूप नवा लावला असणार. बघितलंस, डॉटी? सगळ्यांचंच होतं हे. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. ऑरिनसारखा माणूस विसरला, तर मी कोण? कर्टिसला हेच दाखवते. म्हणावं, बघ तुझ्या बापाचे पराक्रम."

ती पलंगाच्या कडेवर बसली. सकाळपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता. डॉटी उभीच होती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या तोंडातली काडी हलत नव्हती.

"कशानं बुजवली असतील गं त्यानं?" असं म्हणत अल्मा पुन्हा उठली, लाडानं एका भोकावरून तिनं बोट फिरवलं. आत लाकडाच्या बारीक काड्या गोंद लावून ठोकलेल्या होत्या आणि भिंतीलगत मोडलेल्या. दात कोरायच्या काड्या. त्यांची टोकं हिरवी होती.

अल्मानं दुसऱ्या भोकात पाहिलं. हिरवं. तिसऱ्यात पाहिलं.

"डॉटी," ती म्हणाली, "तू आणि ऑरिन कधी भेटला होतात का?"

"नाही, अल्मा."

"मग त्याच्याकडे तुझ्या काड्या कुठून आल्या?"

डॉटीनं तोंडातली काडी काढली, हातात धरली आणि ती सोफ्यावर बसली. एवढी मोठी बाई, पण आता एकदम लहान दिसायला लागली.

"एकदा मागच्या हिवाळ्यात," ती म्हणाली. "आणि एकदा यंदाच्या हिवाळ्यात, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी."

"काय?"

"हेच. हाच सोफा, हीच भिंत. टीव्ही तेवढा दर वेळी नवा."

"खोटं बोलतेस तू."

"खोटं असतं तर बरं झालं असतं गं."

"मग मला सांगितलं का नाहीस?" अल्मा किंचाळलीच. "एवढी मैत्रीण म्हणवतेस, आणि सांगत नाहीस?"

"सांगितलं ना. दोन्ही वेळा सांगितलं." डॉटी काडीकडे बघत बोलत होती. "पहिल्यांदा तू स्वतःच माळावर सगळ्यांना सांगून हसलीस. महिन्याभरानं कुणीतरी त्यावरून तुला चिडवलं तर तुला कळेचना ते कशाबद्दल बोलतायत. सगळे गप्प झाले, मीच तुला सांगितलं. मग दुसऱ्यांदा झालं. तू इथंच, या पलंगावर बसलीस आणि म्हणालीस, ऑरिननं पण आपटला होता. इतकी खूश झालीस. मी तुला काड्या दाखवल्या. तुला तेव्हा एवढी भीती वाटली, अल्मा, की दाराबाहेर जाऊन तू ओकलीस. मी रात्रभर जागी. म्हटलं, सकाळी आपण शांतपणे बोलू, कर्टिसला फोन करू. आणि सकाळी तू माझ्याकडे केळ्याचा ब्रेड घेऊन आलीस, गाणं गुणगुणत. नवा टीव्ही काय छान चालतो, ऑरिनची निवड, असं म्हणालीस. मग माझी जीभच उचलेना. ट्रक चालवणाऱ्या बाईची. तेव्हापासून तू निघणार असलीस की मी आधी येऊन बघून जाते. आज मात्र तू मला न सांगता निघालीस."

अल्मा त्या हिरव्या टोकांकडे बघत राहिली. वीज कडाडली तर कोठीत जाता येतं. बर्फ पडला तर घरी बसता येतं. पण हे आपल्याच डोक्यात बसलेलं, आणि तिथून पळून जायचं कुठं? आपल्या हातून झालेली, आपण बघितलेली, रडलेली, ओकलेली गोष्ट, आणि तिचा मागमूस नाही. त्या दिवशी जी बाई इथं बसली होती ती कोण होती मग? कुठं गेली ती?

"म्हणजे उद्या…" अल्मा म्हणाली. "उद्या हेही आठवणार नाही मला?"

"माहीत नाही. आठवेलही."

 पलंगावर टीव्ही पालथा पडला होता. डॉटीनं हातातली काडी परत तोंडात ठेवली.

"हे बघ. पत्र्यात आता स्क्रूला जागा उरलेली नाही. पण माझ्याकडे एक चांगली फळी आहे. भिंतीला गोंदानं चिकटवते आणि फळीवर ब्रॅकेट लावते. सगळी भोकं झाकून जातील. परवा कर्टिस आला तर त्याला कळणारसुद्धा नाही. तू म्हणशील तसं."

अल्मानं डोळे मिटले. तिला विनी दिसली, शेजारच्या सीटवर, पाय वर घेऊन बसलेली, चिप्सचं पाकीट हातात. समोर डोंगराचा उतार. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, ऑरिनसारखा जाड केलेला. "ब्रेक?" आणि मग स्वतःचा, खणखणीत, खात्रीचा. "लावला!"

तिनं घाईघाईनं डोळे उघडले.

"फळी नको," ती म्हणाली. "तो नवा टीव्ही आणि हा फुटका, दोन्ही तुझ्याकडे घेऊन जा. भिंत अशीच राहू दे, उघडी. आणि डॉटी, ऐक. उद्या मी टीव्ही मागायला आले तर देऊ नकोस. रडले, शिव्या दिल्या, काही केलं तरी देऊ नकोस. वचन दे."

"अल्मा, अगं…"

"वचन दे मला. मी परत केळ्याचा ब्रेड घेऊन येईन तुझ्याकडे. तू विरघळशील. मी ओळखते तुला."

डॉटीनं वचन दिलं. एका काखेत खोकं आणि दुसरीत फुटका टीव्ही घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तिचे खांदे रोजच्यासारखे ताठ नव्हते.

शुक्रवार कसा गेला ते अल्माला विचारण्यात अर्थ नाही. शनिवारी सकाळी मात्र ती उठली, कॉफी ठेवली, भिंतीकडे वळली, तर भिंत रिकामी. टीव्ही चोरीला गेला होता. ती तशीच सपाता घालून बाहेर धावली. डॉटीच्या टेबलाखाली टीव्हीचं नवं कोरं खोकं होतं.

"हे काय?" अल्मा म्हणाली. "माझा टीव्ही तुझ्याकडे कसा?"

डॉटीनं हातातला कप खाली ठेवला. "तूच दिलास."

"मी? मी कशाला देईन? आज कर्टिस येतोय! दे इकडे, चटकन लावू या."

"नाही देत."

"डॉटी, थट्टा पुरे."

"नाही देत, अल्मा. तू काही म्हण."

मग अल्मानं काही म्हणायचं बाकी ठेवलं नाही. चोरटी म्हणाली, नीच म्हणाली, ट्रकवाल्यांत राहून माणुसकी विसरलीस म्हणाली. शेजारचे दोन म्हातारे खुर्च्यांवरून उठून आत निघून गेले. डॉटी खोक्यावर बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

"घरी जा," ती एवढंच म्हणाली. "भिंत जवळून बघ."

अल्मा तणतणत घरी आली. भिंत जवळून बघितली. वरची भोकं, डावीकडची भोकं, खालची ताजी फाटलेली. ऑरिन, असं तिच्या ओठांवर येत होतं, तेवढ्यात तिला हिरवी टोकं दिसली.

कुणी सांगायला नव्हतं. तिचं तिलाच, एकेक करून, सगळं कळत गेलं. आणि भीती पुन्हा आली, पहिल्यांदाच येत असल्यासारखी, पायांपासून वर. माणसाला एक धक्का एकदाच बसावा. या बिचारीला तोच धक्का पुन्हा पुन्हा नव्यानं बसत होता.

बाहेर, माळाच्या कडेला, धूळ उडत होती. कर्टिसची लाल गाडी.

सोफ्यावर ऑरिनच्या आईनं शिवलेली गोधडी होती. अल्मानं ती उचलली आणि भिंतीवर धरून बघितली. बरोबर मापाची होती. दोन खिळे, की झालं. किती सुंदर दिसेल. टीव्ही बघणं सोडलं म्हणायचं, डोळ्यांना त्रास होतो. कर्टिस खूशच होईल. हातोडी खणात होती. गोधडी भिंतीला तशीच धरून अल्मा खणाकडे बघत राहिली.

"आजीऽऽ!" बाहेरून आवाज आला. "मी पुढेच बसणार! बाबा हो म्हणालेत!"

अल्मानं गोधडी खाली घेतली. घडी घातली आणि सोफ्यावर ठेवली.

विनी वादळासारखी आत घुसून तिच्या पोटाला बिलगली. मागोमाग कर्टिस आला. तो आल्या आल्या हसला, पण त्याचे डोळे आधीच फिरायला लागले होते. चुलीकडे, गोळ्यांच्या डबीकडे, मग भिंतीकडे.

"आई, टीव्ही कुठंय?"

"त्याच्याआधी भिंत बघ," अल्मा म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा निघाला. "जवळून बघ. तीनदा फोडलाय मी. एकदाही आठवत नाही मला, कर्टिस. काड्या डॉटीच्या आहेत. तिनं सांगितलेलंही मी विसरते. मला आत्ता माहितेय, तोवर बोलून टाकते. उद्या मी तुझ्याशी भांडेन, काही झालंच नाही म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नकोस."

तिनं हुकावरच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. किल्ल्यांना ऑरिनची पितळी अंगठी अडकवलेली होती. कर्टिस कोलोरॅडोहून येताना सबंध रस्ता काय बोलायचं ते मनात जुळवत आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.  त्यानं भिंतीवर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

"म्हणजे आपण दरी बघायला नाही जायचं?" विनीनं विचारलं.

"जायचं," कर्टिस म्हणाला. "बाबा चालवणार."

रविवारी सकाळी निघाले. डॉटी झुडपाजवळ उभी होती. अल्मानं जाऊन तिला मिठी मारली आणि विचारलं, "तू का रडतेयस गं? आठवडाभरात परत येईन की मी." डॉटी म्हणाली, "हो, हो. ये." आणि खिशातली काड्यांची डबी काढून तिनं अल्माच्या पर्समध्ये घातली.

कर्टिस बाहेर उभा राहिला, बापासारखाच कमरेवर हात ठेवून. अल्मा पुढे शेजारच्या सीटवर बसली. मागे स्लाइडच्या बटणापाशी विनी.

"गॅस?" तो ओरडला.

"बंद!" विनी ओरडली.

"फ्रिज?"

"लावला!"

"टीव्ही?"

अल्माचं तोंड उघडलं होतं. खिट्टी लावली, हे शब्द जिभेवर आयते येऊन बसले होते. तिनं तोंडावर हात दाबला.

"विनी," ती म्हणाली, "नुसतं म्हणू नकोस, बाळा. बघ. हात लावून बघ, मग सांग."

विनी भिंतीपाशी गेली. तिनं भोकांवर हात ठेवला. "टीव्ही नाहीये, आजी."

"मग तसंच सांग त्याला."

"टीव्ही नाहीये!" विनी ओरडली.

 कर्टिस बाहेरून म्हणाला, "ठीक आहे. घे आत."

विनीनं बटण दाबलं. स्लाइड घरघरत आत यायला लागली. अल्मानं सीटचा दांडा घट्ट धरला, डोळे मिटून घेतले, आणि आवाज कधी होतो याची वाट बघत राहिली.